लिनला काहीच येत नाही

ता. ५ जाने. २००७, शुक्रवार. फुनाबोरी
कचरा परत आला. काल खाली ठेवलेली पिशवी तशीच, वर चिठ्ठी चिकटवलेली. वार चुकला म्हणे. इथं जपानात कचऱ्याला वार असतात, आपल्याकडे उपासाला असतात तसे. जळणारा एका वारी, बाटल्या दुसऱ्या वारी. सून मंजिरी म्हणते, "आई, तुम्ही नुसतं बाजूला ठेवत जा, मी बघते." ठेवते बाई. दोन महिने अजून ठेवीन, मग बार्शीला जाऊन पाहिजे तिथं टाकीन.

पिशवी वर आणून दिली ती लिनने. खालच्या मजल्यावरची चिनी मुलगी. काँप्युटरच्या ऑफिसात आहे, दुपारी जाते ती रात्री येते. नवरा ओसाकाला. तिची लेक सहा वर्षांची, ती तिकडे चीनमध्ये, लिनच्या आईपाशी. रात्री घरात कोण बघणार म्हणून ठेवली. आता ऑफिसात दिवसाची जागा निघालीय, परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायची. ती मिळाली तर लेकीला आणता येईल. इथल्या शाळा एप्रिलमध्ये भरतात, तेव्हा नाही आली तर तिकडच्याच शाळेत घालणार आणि मग कायमची तिकडची. पण जागेसाठी इंग्रजीची परीक्षा. लिहिण्यात हुशार, तोंडी परीक्षेत दोनदा नापास. आता २४ फेब्रुवारीला पुन्हा. आमच्या मंजिरीचं इंग्रजी फर्डं, म्हणून रोज सकाळी आमच्याच टेबलावर शिकवणी. माझी भाजी निवडायची जागा गेली ती गेलीच.

ता. ९ जाने., मंगळ.
आज शिकवणीला समोर बसले. इंग्रजी कळत नाही पण चेहरे कळतात. मंजिरी परीक्षक झालेली, खुर्चीत ताठ. तिने काही विचारलं की लिन म्हणते "नो", आणि हसून खाली बघते. पुन्हा विचारलं, पुन्हा "नो". शेवटी मं.ने पेन टाकलं.

"आई, बघा ना. हिला विचारलं, स्वैपाक चांगला येतो का. म्हणे नाही, वाईट येतो. गाणं? नाही. ऑफिसात काम कसं करतेस? तर म्हणे चुकत-माकत. परवा हिनेच आणलेली ती वांगी आपण चाटून खाल्ली."
म्हटलं, "मग काय स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी सुगरण आहे म्हणून?"
"हो. तेच सांगायचं. आणि कशी, केव्हा, कुणी शिकवलं, सगळं. ती गोरी माणसं खरंच धरतात, हिला काही येत नाही म्हणून. आणि नाही म्हटल्यावर पुढे बोलायला उरतं काय?"
"शी. माणसाला लाज नको?"

लिनने विचारलं, आजी काय म्हणाल्या. मं.ने सांगितलं असावं, कारण लिन उठून आली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मंजिरी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता दोघी झाल्या."

ता. १२ जाने., शुक्र.
सानिकाला शाळेतून आणताना केवढं कौतुक वाटतं, रस्त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार करते माझी नात. मला काही विचारलं तर जपानीत सांगते. "आजी, दाइजोबू." म्हणजे काळजी नको. सात वर्षांची पोर मला सांगते काळजी नको.

मं. आता आठवड्यातून तीन दिवस कोंबिनीत जाते, त्या रात्रंदिवस उघड्या दुकानात. जाताना म्हणाली, "आई, लिनला तुमच्यासमोर बोलू दे. तुम्हाला कळत नाही ना, म्हणून ती लाजत नाही." अशी माझी लायकी. बसले. मी मटार सोलते, ती बोलते. मी "हं, हं" करते, गोष्ट ऐकताना करतात तसं. पोरगी काय सुटली म्हणता. न अडखळता, हातवारे करून. वाटलं, हिला नापास करणारा माणूस बहिरा असला पाहिजे.

ता. १५ जाने., सोम.
कसलं काय. सगळं पाठ केलेलं. आज मं.ने विचारलं, तुझ्या घराबद्दल सांग, तर ती बागेबद्दल सांगायला लागली. मं. म्हणाली बाग नाही, घर. लिन थांबली, पाणी प्यायली, आणि पुन्हा बाग. पहिल्यापासून. मधे तोडलं तर मधूनच सुरू करता येत नाही, आम्हाला एकोणतिसाचा पाढा यायचा नाही का तसा. मी चौथीपर्यंत तशीच गेले. म्हणून मी मं.ला म्हटलं, पाठांतराला नावं ठेवू नकोस. तर म्हणे, "आई, तुम्ही तिच्या बाजूने आहात की परीक्षेच्या?"

जेवताना लेकाला, सचिनला, सांगायला गेले तर तो काँप्युटरवरून मान वर न करता म्हणतो, "आई, तू यात पडू नकोस." मी पडलेच आहे. टेबल माझं आहे.

ता. २१ जाने., रवि.
संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. इथल्या आपल्या बायका आल्या, पुण्याच्या, ठाण्याच्या, एक नागपूरची. नवरे सगळे काँप्युटरवाले. छोट्या खोलीत गुडघ्याला गुडघा. लिनलाही बोलावलं. कुंकू लावून घेतलं, वाण दिलं, एक चहाची गाळणी. ती गाळणी छातीशी धरून बसली.

आणि मग मजा. नागपूरची म्हणाली, "अय्या मंजिरी, लाडू काय सुरेख झालेत." आमच्या सूनबाई म्हणतात, "कसले गं, पाक पुढे गेला. कडकच झालेत." ठाण्याची म्हणाली, साडी छान आहे. "अगं जुनीच आहे, सेलमधली." (खोटं. दिवाळीला मीच घेतली.) घर किती नीटनेटकं ठेवलंयस. "छे, तुम्ही येणार म्हणून सगळं कपाटात कोंबलंय." लिनला मराठी काय कळणार, पण ती एकेकीचा चेहरा बघत होती. मग शेजारच्या बाईला विचारलं हळूच, इंग्रजीत. तिने सांगितलं. लिन उठली, मं.समोर जाऊन ताठ बसली, पेन नव्हतं म्हणून तिळगुळाचा चमचा हातात धरला आणि मं. तिला जे रोज म्हणते तेच इंग्रजीत म्हणाली, अगदी तिच्याच आवाजात. नो म्हणून थांबायचं नाही, कारण सांगा, अजून दोन वाक्यं.

बायका हसून हसून लोळल्या. मंजिरीचे कान लाल. मी तर पदर तोंडात कोंबला. सून झाली म्हणून काय झालं, हसू आलं तर येतं.

ता. २३ जाने., मंगळ.
हसण्याची शिक्षा घरभर. मं.ने कायदा काढलाय, रोज जेवणाआधी प्रत्येकाने स्वतःची एक स्तुती करायची, कारणासकट. लिन असेल तेव्हा (आज सुट्टी म्हणून होती) इंग्रजीत, मला मराठी चालेल. सानिकाला काहीच अवघड नाही. "मी सगळ्यात छान धावते. कारण माझे पाय लांब आहेत. कारण मी मम्मावर गेलेय." सचिन म्हणाला, मी शांत आहे. मं. म्हणाली हे स्तुतीत धरायचं का ते बघावं लागेल.

माझी पाळी आली. म्हटलं मला काय येतं. "आई, नाही म्हणायचं नाही." भूक लागली होती. शेवटी म्हटलं, शेंगदाण्याची चटणी मी बरी करते. "बरी?" चांगली करते. "कारण?" कारण मी ती उखळात कुटते, मशीनला लावत नाही, तेल सुटेपर्यंत कुटते, लसूण शेवटी घालते, आणि आमच्या गल्लीत लग्न असलं की मुलीची आई डबा घेऊन माझ्याच दारात यायची, आणि सचिनच्या वडिलांनी जन्मात कधी चांगली झाली म्हटलं नाही पण डबा संपला की तोच डबा माझ्यासमोर आणून आपटायचे आणि... भात गार झाला. लिनला एक अक्षर कळलं नसेल, ती टाळ्या वाजवत होती.

लाज वाटली मग. पण फार नाही.

ता. ३ फेब्रु., शनि.
आज इथं दाणे फेकायचा सण. राक्षस बाहेर, लक्ष्मी आत, असं ओरडत भाजके सोयाबीन फेकतात. सचिन राक्षस झाला, कागदी मुखवटा लावून. सानिकाने असे नेम धरून मारले की विचारू नका. मग तासभर मीच वेचत बसले.

लिन सुधारतेय. आता म्हणते मी पोहण्यात पटाईत, थंड समुद्रात पोहते. म्हणते मी भांडण मिटवते, ऑफिसात दोघांचं मिटवलं. पण मं.ने लेकीबद्दल विचारलं की पुन्हा पहिल्यासारखी. "ती कशी आहे?" "नॉट गुड." "हुशार आहे?" "नो." मं. चिडली, म्हणाली परीक्षेत घरच्यांबद्दल हमखास विचारतात. लिन मान हलवत राहिली. मी मं.ला आत बोलावून सांगितलं, पोटच्या पोराची स्तुती ती नाही करणार. दृष्ट लागते. आपण नाही का गुटगुटीत बाळाला काळं तीट लावत?
मं. म्हणाली, "आई, परीक्षकाला तीट दिसत नाही हो."
दोघींचंही बरोबर आहे, आणि हाच तर वैताग आहे.

ता. १८ फेब्रु., रवि.
चिनी लोकांचा पाडवा. सगळे गावी जातात म्हणे, ही परीक्षेपायी गेली नाही. नवऱ्यालाही सुट्टी नाही. माझ्यासाठी मुद्दाम कोबी-गाजर घालून मोदकासारखं काहीतरी उकडून आणलं, मांस नाही, अंडं नाही, शपथ घेतल्यासारखा हात वर करून सांगितलं. चांगलं होतं. मी म्हटलं चांगलं आहे, ती म्हणाली नो नो, मग स्वतःच थांबली, हसली, म्हणाली, "येस. गुड."

मग आमच्या काँप्युटरवर तिच्या आईकडे लावलं, चित्र दिसतं. आई दिसली, माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा बरे. नमस्कार केला एकमेकींना. मुलगी येईना. आजीच्या मागे, नुसती वेणी दिसते. आजीने ओढली तर खुर्चीखाली गेली. लिन हाका मारते, पोर आजीच्या साडीत, म्हणजे त्यांच्या त्या जाकिटात, तोंड खुपसून. मग हळूच आजीला काहीतरी विचारलं. आजी हसली, लिन नाही हसली. बंद केल्यावर मं.ने विचारलं काय म्हणाली गं. लिन इंग्रजीत एवढंच म्हणाली, "तिने विचारलं, ही मावशी परत कधी फोन करणार."

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

ता. २३ फेब्रु., शुक्र.
उद्या परीक्षा. मं.ने आज काही शिकवलं नाही. दोघी चहा पीत बसल्या, एक मराठीत खोकते, एक चिनीत. मी लिनला दही-साखर हातावर दिली. तिला वाटलं औषध आहे, डोळे मिटून गिळली.

ता. २४ फेब्रु., शनि.
सकाळी गेली ती चारला आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मं. दारातच, "कशी झाली?"
"बॅड."
झालं. आता हिचं बॅड म्हणजे खरंच वाईट, की आपलं लाडू-कडक-झालेतसारखं वाईट, काय समजायचं? मं.ने तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं. हळूहळू निघालं सगळं. सुरुवातीला घर, काम, ते ठीक. मग चिठ्ठी दिली, तुमच्या ओळखीच्या एखाद्या लहान मुलाबद्दल बोला.
मं. म्हणाली, "सानिकाबद्दल बोललीस ना? बोलली असशील, धावते, पाय लांब."
लिन म्हणाली, नाही. लेकीबद्दल. 
"काय सांगितलंस?"
खरं ते सांगितलं, म्हणे. हट्टी आहे. जेवत नाही, भात गालात धरून बसते. मोजे उलटे घालते आणि सुलटे करू देत नाही. मी निघाले की माझी एक चप्पल लपवते, म्हणून माझं विमान एकदा चुकता चुकता राहिलं. रडत नाही, रडली असती तर बरं झालं असतं. आता मला ओळखत नाही. असं किती तरी. परीक्षा घेणारी बाई पुढचं विचारायला लागली तरी हिचं चालूच, शेवटी बाईने हात वर करून थांबवलं. म्हणून बॅड.
"अगं, थांबवलं म्हणजे तू वेळ भरून बोललीस. थांबवतातच," मं. म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण आई, एक तरी चांगला शब्द नको का? परीक्षकाला काय वाटलं असेल?"
म्हटलं, त्या बाईला लेकरू असलं तर कळलं असेल.
"आणि नसलं तर?"
नसलं तर... मला काय ठाऊक. निकाल पंधरा दिवसांनी. मी तेव्हा बार्शीत. हे एक बरं जमवलंय सगळ्यांनी.

ता. ४ मार्च, रवि.
उद्या विमान. बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. सचिनच्या बापाचा स्वभाव माझ्यात उतरलाय.

दुपारी लिन आली, म्हणाली आजी-सान, स्टेशनजवळच्या दुकानात चल. मं., सानिका, मी, सगळ्याच गेलो. वरच्या मजल्यावर नुसती दप्तरं. इथं पहिलीच्या मुलांना चामड्याचं कडक दप्तर लागतं, पेटीसारखं, ते सहा वर्षं टिकतं. किंमत ऐकून मी खाली बसले. लिन म्हणाली, घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. 
मं. माझ्या कानात, "निकाल लागू दे ना आधी. नापास झाली तर हे घरात बघत बसायचं का?" मला पटलं. तरी मीच एक लाल उचललं, शिवण बघितली, चांगली आहे शिवण.

लिनने ते सानिकाच्या पाठीला लावलं. उंची तेवढीच आहे म्हणे दोघींची. "फीर," म्हणाली. सानिका फिरली. मागून नुसतं दप्तर आणि खाली दोन पाय. लिन दोन पावलं मागे सरकून बघत राहिली, मग वाकून सानिकाचा मोजा ओढून नीट केला. उलटा नव्हता, तरी.

दुकानातली मुलगी आली, काहीतरी विचारलं. मं. म्हणाली, "बांधून देऊ का विचारतेय." सानिका म्हणाली, आजी, जड आहे, काढू?

लिन माझ्याकडे बघतेय. मला कसलं कळतं यातलं. म्हटलं, थांब सानू, काढू नकोस अजून.