सहा वर्षं मुरलेलं पिंप

४ एप्रिल १९७६
यांना जाऊन पंधरवडा झाला. पाहुणे सकाळच्या एस.टी.ने गेले. शेजारणींची भांडी घासून परत केली. क्वार्टर मेअखेर सोडायचं आहे.

दुपारी विरुपाक्ष आला — डिस्टिलरीत यांच्या हाताखाली होता, आता यांच्या जागी आलेला केमिस्ट. खाली बघतच बोलला. "वहिनी, सरांचं पिंप आता उघडावं लागेल. शेडमध्ये जागा नाही."

ते पिंप! मळीची रम त्यात भरली तेव्हा हे म्हणाले होते, "सहा वर्षं लाकडात मुरू दे. उघडलं की नोकरी सोडतो. भवानी पेठेतल्या आपल्या घरी जाऊ." त्याच आठवड्यात त्या घरासाठी मी नवी चादर घेतली. ट्रंकेतच आहे.

७ एप्रिल
विरुपाक्ष पिंपात मुरवत नाही. ओकच्या ढलप्या भाजून टाकीत टाकतो, टाकी गरम ठेवतो. तीन आठवड्यांत रंग! यांना पटत नसे. "रंग आला म्हणजे वय आलं का?" चेअरमन हसायचे — "गिऱ्हाईक काय जन्मदाखला मागतंय व्हय?"

पिंपानं यांचा शब्द राखावा, एवढंच.

९ एप्रिल
देवीला नारळ बोलले. रमसाठी! कुणाला सांगायचं हे?

१२ एप्रिल
उघडलं. निम्म्याहून जास्त उडून गेलेली. उरली ती काळी, कडू. विरुपाक्षनं रुमालावर दोन थेंब आणले — हे आणायचे तसेच. नुसता लाकडाचा वास.

"पत्र्याची शेड, वहिनी. थंड मुलखात सहा वर्षांत होतं, ते इथल्या उन्हात तीन-चार वर्षांतच होतं. आधीच काढायला हवी होती."

चांगला मुलगा. ढलप्यांचं नाव काढलं नाही.

हे पुस्तकातली वर्षं धरून बसले, आणि मी यांचा शब्द. कुणीतरी आधी सांगायचं! एक उन्हाळा तरी त्या घरात मिळाला असता.

१३ एप्रिल
शेडवरचा येडू भेटायला आला. दारातच रडला.

"सायबानं दोन सालामागंच चाखली व्हती, बाई. 'झाली बघ येडू, लई झ्याक झाली,' म्हनले. आन परत बूच ठोकलं. म्या म्हनलं, का वो? तर म्हनले, 'काढली तर हितनं जावं लागंल की रं.'"

त्याला चहा दिला.

संध्याकाळी ट्रंक उघडली. चादरीची घडी मोडली. इथल्याच खाटेवर अंथरली आणि पडले.