डाळीतली गोळी

६ जानेवारी १९६३, रविवार

ज्याला दारू सोडायचीच नाही, त्याची दुसऱ्याने सोडवावी का? काल धुळ्याहून परत येताना एस.टी.त सगळा वेळ हाच प्रश्न. मला उत्तर येत नाही. कॉलेजात वादविवादाला असता तर दोन्ही बाजूंनी बोलले असते.

मायचा हात अजून गळ्यात बांधलेला. शेजारणींना सांगते, विहिरीवर पाय घसरला. पिऊन आलेल्या आबांनी ढकललं तेव्हा मी दारातच उभी होते.

धुळ्याच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले होते. म्हणाले, गोळी आहे, पण पेशंटला घेऊन या. "ही तलफ मारत नाही, बाई. गोळी पोटात आणि वर दारू गेली की माणूस लोळतो. त्या धाकाने तलफेला कुंपण पडतं, एवढंच. कुंपणाच्या आत राहायचं की नाही, ते त्याने ठरवायचं." मग चष्मा काढून, "त्याला न सांगता द्यायची नाही. जीव जाऊ शकतो. मग ते औषध नव्हे, विषप्रयोग."

मी म्हटलं, असं कोण करेल.

९ जाने.

आबा यायला तयार झाले. मायच्या हाताकडे बघतच नाहीत, पण तिने एका हाताने भाकरी थापायला घेतली तेव्हा उठून बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, "कवय जानं शे तुन्हा डॉक्टरकडे?"

१५ जाने.

धुळे. डॉक्टरांनी आबांना सगळं समजावलं. चार दिवस कोरडे ठेवून तपासलं, छातीही. आज पहिली गोळी त्यांच्यासमोर. पांढरी, आकाराने कोणत्याही गोळीसारखी. बंद केली तरी आठ-पंधरा दिवस अंगात राहते, तेवढे दिवस खोकल्याचं औषध, आसव, अरिष्ट काहीही नाही.

याच बापाने माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मला धुळ्याच्या वसतिगृहात सोडलं होतं. सगळी भावकी म्हणत होती, पोर बिघडेल. आज मी त्यांना बोट धरून आणल्यासारखं झालं. बरं वाटलं नाही.

२३ जाने.

रोज सकाळी चहाबरोबर. हात पुढे करून म्हणतात, "दे, तुन्हं जहर दे." माय हसते. आमच्या घरात सकाळी कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

केळीच्या बागेत स्वतः पाणी धरलं. हात कापतात. तलफ आली की गोठ्यात जाऊन म्हशीची पाठ घासत बसतात. म्हैस चकचकीत झाली आहे.

शाळेत सातवीच्या मुलींना सांगितलं, दारू हा रोग आहे, पाप नाही. भिलाटीतल्या, भिल्लांच्या वस्तीतल्या, दोघी होत्या वर्गात. एक म्हणाली, बाई, आमचा देव पितो.

६ फेब्रुवारी

गोठा झाडताना गव्हाणीच्या कोपऱ्यात गोळ्या सापडल्या. अकरा. अर्धवट विरघळलेल्या. गालात धरून थुंकायचे. म्हणजे जेमतेम दहा-बारा दिवस घेतल्या.

विचारलं. "बी.ए. व्हयनी म्हनीसन बापले शिकाडस?" तोंडाला वास होता. सरकारने बंदी घातली म्हणून वास जात नाही.

१० फेब्रु., रविवार

माय म्हणाली, "गोळी वाटी दे. डाळमा टाकी दिसू."

नाही म्हटलं. डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरना हात कोनी मोडा शे का?"

१९ फेब्रु.

पुन्हा तेच. या वेळी आबांनी पिऊन पितळी फेकली, मायच्या कपाळावर. लहान जखम. तिने हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागली. स्वयंपाकाला लागली, हेच मला सहन होत नाही.

२३ फेब्रु., शनिवार

शिवरात्रीला आबा दारूला शिवत नाहीत. त्याआधी एक दिवस तापाने पडून होते. म्हणजे दोन दिवस पूर्ण कोरडे. असा मोका परत येणार नाही.

दोन गोळ्या खलात कुटल्या. उडदाच्या डाळीत. वरून मायने ठेच्याची फोडणी दिली, चव कळू नये म्हणून. आबा म्हणाले, डाळ झक्क झाली.

माझा हिशेब असा: पितील, उलटी होईल, घाबरतील, सुटतील. फार तर एक वाईट दिवस. हे लिहिताना अक्षर नीट येत आहे, याचंच आश्चर्य वाटतं.

२५ फेब्रु.

शाळेतून बोलावून नेलं. आबा भिलाटीत पडले होते. परवा जेवल्यापासून घरीच होते, आज पहिल्यांदा बाहेर पडले.

रायकीबाईच्या मुलाची सोयरीक ठरत होती. ती आमच्याच शेतावर कामाला, म्हणून साक्षीला आबा. त्यांच्या रीतीने मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीला, मग देणारी स्वतः घोट घेते, मग पाहुण्याला. रायकीबाईने घोट घेतला आणि त्याच द्रोणातून आबांना दिलं.

पोहोचले तेव्हा तोंड तांबडं, मानेच्या शिरा उडत होत्या. उलट्या. मग एकदम पांढरे, हात गार. श्वास असा, जणू कोणी छातीवर बसलं आहे. शहाद्याचे डॉक्टर येईपर्यंत मला वाटलं, संपलं. मी मारलं. शहाद्याच्या डॉक्टरांना कानात सांगितलं गोळीचं. त्यांनी लगेच सलाईन लावलं.

जगले.

२६ फेब्रु.

आबांचा धाकटा भाऊ, भाऊकाका, दारात बसून आहेत. गावच्या पंचांत मुख्य तेच. रायकीबाई विचारपूस करायला आली. उंबऱ्याबाहेरच उभी केली. ती म्हणाली, "मी बी त्याच पानमाथीन पिधी. माले काबर काही व्हयनं नही?"

स्वतःच्या बचावासाठी बोलली. काकांनी लगेच धरलं. "बरोबर. तिले काही व्हयनं नही, म्हंजे दारू चांगली व्हती. मंग दादा काबर पडना? नजर शे तिन्ही."

डाकीण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. संध्याकाळपर्यंत गावाने उच्चारला.

मी तिथेच होते. माझ्या हातात आबांसाठी पेज होती. ती मी आत नेली.

१ मार्च

काकांनी डोंगरातून भगत आणला. त्याने सुपात दाणे पसरले, मोजले, म्हणाला, देणाऱ्या हातातून गेलं. बरोबरच आहे. देणारा हात चुकीचा धरला.

रायकीबाईचं पाणी बंद. सोयरीक मोडली. कोणीतरी दगड मारला, भुवई फुटली. होळीच्या दिवशी पारावर पंच बसणार. गाव सोड, नाहीतर...

आबा आज उठून बसले. म्हणाले, "दारूना नुसता वास उना तरी आंग थरथरस. त्या बाईनी माले मारं व्हतं." पिणार नाही म्हणाले. कोणी मागितलं नव्हतं तरी मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

२ मार्च

मायला म्हटलं, सांगून टाकते. तिने माझं मनगट धरलं, मोडलेल्याच हाताने. "सुटना ना तो एकदाव. ऱ्हावू दे. भिलाटीवाली जाई दुसऱ्या गावले. मी कोठे जाऊ?"

सतरा वर्षं मार खाल्लेली बाई विचारते. आबा डाकिणीला भितात म्हणून पीत नाहीत. डाकीण नव्हती असं कळलं की भीती गेली, आणि भीती गेली की...

गोळीने जे झालं नाही ते या खोट्याने झालं.

३ मार्च, रविवार

तरीही काकांना सांगितलं. सगळं, डाळीसकट. धुळ्याच्या डॉक्टरांना परवाच पत्र टाकलं होतं. उत्तर आलं की दाखवते म्हटलं. काका मायकडे वळले. "वयनी, खरं शे का?"

माय म्हणाली, "नही. मी काहीच टाकं नही."

तिने खाली पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे बघून बोलली.

५ मार्च

डॉक्टरांचं उत्तर आलं. रागावलेलं, पण स्पष्ट लिहिलं आहे की अशी लक्षणं गोळीवर दारू गेल्यानेच होतात. इंग्रजीत. काकांनी कागद उलटसुलट केला. "कागद काय बोलस? तूच वाचशी, तूच सांगशी." अख्ख्या गावात इंग्रजी वाचणारी मी एकटी. याचा मला किती अभिमान होता.

मग आबांना सांगितलं. गोठ्यात, म्हैस घासत होते. हात थांबला. म्हणाले, "नही. तू मन्ही पोर शेस. तू असं करावं नही."

मी म्हटलं, आबा, केलं.

"तू करावं नही," एवढंच. म्हणजे, करणारच नाहीस. परत घासू लागले. लेकीने जेवणात विष घातलं, यापेक्षा त्यांना डाकीण सोपी.

६ मार्च

रायकीबाईकडे गेले. घराला आतून कडी. माझा आवाज ओळखून उघडलं. भुवईवर पाला बांधलेला. तिलाही सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं. ती चुलीतली राख सारखी करत राहिली.

मी म्हटलं, मी गोळी घेते, आणि होळीला पारावर तुझ्या हातून द्रोण घेते. मला तसंच झालं की लोक बघतील.

ती पहिल्यांदा हसली. "बाई, तू शिकेल शेस का येडी? तू पडनी ते माले जित्ती जाळतीन. एक खादा, दुसरी बी खादी म्हनतीन."

खरंच. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

निघताना म्हणाली, "दुसराना हातनी पे ना मंग."

८ मार्च, शुक्रवार

उद्या होळी.

मुख्याध्यापकांना राजीनामा दिला. शिक्षिका पारावर दारू पिणार, तर उद्या काढतीलच. त्यांनी कारण विचारलं, सांगितलं. म्हणाले, घरी जाऊन झोपा.

दुपारी काकांना पंचांसमोर म्हटलं: तुमच्या कोठीत धान्याच्या कणगीमागे बाटली आहे, सगळ्या घराला माहीत आहे. ती उद्या तुम्ही आणा. आधी तुम्ही घोट घ्या. मग तुमच्या हाताने मला द्या. मी पडले तर तुमचीही नजर लागली म्हणा, नाहीतर गोळी म्हणा. शहाद्याच्या डॉक्टरांना सलाईन घेऊन बसायला सांगितलं आहे. ते हो म्हणाले, पण मला मूर्ख म्हणून.

काका लाल झाले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. दोन पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

मायला अजून माहीत नाही. आबा ओट्यावर बसले आहेत, कोरडे, अकरावा दिवस. उद्या माझं खरं ठरलं तर बारावा असेल की नाही, सांगता येत नाही.

पहिली गोळी परवा भिलाटीतून आल्यावर घेतली. दुसरी काल. तिसरी आज सकाळी चहाबरोबर, गिळून वर पाणी प्यायले.