पाणी काढलंय

जखार,

जंगलातून ओंडके आणायची आपली छोटी लाईन बंद झाली. आपण दोघं चालवायचो ते डिझेल इंजिनही काल भंगारात कापलं. त्यावरची 'पाणी काढलंय' ही पाटी मी घरी आणली.

त्या शनिवारी तापमान उणे अडतीस होतं. इंजिन बंद केलं की शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढायचं आणि मगच पाटी लावायची, हे मला तूच शिकवलंस. मी नळ उघडला, धार लागली, पाटी अडकवली आणि निघालो. घरी ग्लाफिराने वाफेची न्हाणी तापवली होती, ती निवली असती. एवढंच कारण. मी गेल्यावर नळ गाळाने तुंबला, आत राहिलेलं पाणी गोठलं आणि सकाळी इंजिनाला वीतभर चीर पडलेली.

"पाटी कुणी लावली?" फोरमनने विचारलं.

"जखारने," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या बहिणीला तेव्हा सातवा महिना होता. "लावली असेल बाबा," म्हणालास. तुझं इंजिनावरचं काम गेलं, तू ओंडके उचलायला लागलास आणि बर्फ वितळताच गाव सोडलंस. ग्लाफिरा अजून म्हणते, "माझा भाऊ पहिल्यापासून वेंधळाच." मी खाली मान घालून सूप पितो.

तुझा पत्ता तिच्याकडेच आहे. मागितला तर कशाला हवा ते विचारेल.

काल पाटी हातात देताना कापणाऱ्याने सहज विचारलं, "आजोबा, ही कुणी लावलेली?"

छत्तीस वर्षं झाली रे. मी म्हणालो, "जखारने."

तुझ्या बहिणीचा नवरा,
येफीम