हिरव्या बांगड्या आणि तुझा उजवा हात

आई गं,

आज सकाळी नामपूरहून आत्याचा फोन आला आणि तेव्हापासून मला माझीच शिसारी येतेय. बाबांशी हे बोलता येत नाही, म्हणून तुला लिहितेय.

स्तनाच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये तुझ्या काखेतल्या ग्रंथी काढल्या आणि वर्षभराने उजवा हात जड व्हायला लागला. तू शिवणकाम करणारी, तुला सगळ्यांच्या आधी कळलं होतं! ब्लाऊजची उजवी बाही उसवून सैल करायचीस आणि विचारलं की म्हणायचीस, "कापड आटलं गं." का लपवलंस?

नाशिकला सिडकोतल्या आपल्या डॉक्टरांनी अंगात पाणी झालंय म्हणून लघवीच्या गोळ्या दिल्या. बाथरूमच्या चकरा मारून तू थकलीस, हात तसाच. शेजारणींनी परस्पर हत्तीरोग ठरवून टाकला. तुझ्या हातचा चहा नको म्हणायला लागल्या. घाणेरड्या बायका! अजून माहेरच्या जिन्यात दिसल्या की मी तोंड फिरवते.

मग गंगापूर रोडच्या फिजिओथेरपीच्या मॅडम भेटल्या. त्यांनी तुझ्याच पिशवीतली टेप घेऊन दोन्ही हात मनगटापासून दंडापर्यंत मोजले. "हा लिम्फेडेमा. ग्रंथी गेल्या, म्हणून हातातल्या द्रवाला वर जायला वाट उरली नाही." अगदी हलक्या हाताचा मसाज, थरावर थर पट्ट्या, मग सूज दाबून धरणारी ती घट्ट बाही, रोजचा व्यायाम. आणि एक ताकीद: या हाताला सुई नाही, ओरखडा नाही, या बाहीशिवाय काही घट्ट नाही; जरा जखम झाली तरी इन्फेक्शन पसरेल. चार महिन्यांत हात किती उतरला होता!

मॅडमनी पाठवलेल्या सर्जननी तपासणीपुरता, अगदी बारीक सुईने रंग टोचून हातातल्या द्रवाच्या वाहिन्या पाहिल्या. काही अजून चालू होत्या. छोटं ऑपरेशन करून त्या शिरेला जोडल्या की द्रवाला वाट मिळेल, पण फार थांबू नका, म्हणाले. आणि तू काय म्हणालीस? "आधी मनूचं लग्न." मला तेव्हा साड्यांची घाई होती.

मग तो बांगड्या भरायचा दिवस. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून तू बाही काढून ठेवलीस. कासारकाकांनी तुझा हात धरला आणि लगेच सोडला. "ताई, हा हात सुजलाय. डाव्यातच भरतो."

"नवरीच्या आईचा हात रिकामा? आसं कुठं आस्तं का वो वहिनी!" आत्या म्हणाली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मॅडमची ताकीद मला तोंडपाठ होती, आई. तरी मी म्हणाले, "काका, भरा. फोटोत बरं दिसेल."

साबण लावून त्यांनी भरल्या. चौथी फुटली. मनगटावर काच लागली, कुणीतरी हळद दाबली आणि सगळ्या पुन्हा हसायला लागल्या. लग्नाच्या दिवशी तुला थंडी वाजत होती, हात लालभडक झाला होता, आणि तू माझी पाठवणी होईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस! का गं? दवाखान्यात नेलं तोवर इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. आठवडाभरसुद्धा थांबली नाहीस, गेलीस.

अल्बममध्ये दोन्ही हात हिरवेगार दिसतात. बरं दिसतं ना?

आत्याचंही गेल्या वर्षी तुझ्यासारखंच ऑपरेशन झालं, तुला ठाऊक नसेल. सकाळी म्हणाली, "मने, माझाबी हात सुजाया लागलाय. वहिनीवानीच हाय का गं?" माझ्या ओठांवर आलं होतं, भर आता बांगड्या! खोटं कशाला सांगू? क्षणभर मला बरंही वाटलं. इतकी वाईट आहे तुझी मुलगी.

मग ती हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात पोराचं लगीन हाय. कासार यील. मी काय करू?" त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलं होतंस, तसंच तिने विचारलं.

सोमवारी तिला नाशिकला घेऊन येतेय. तुझी टेप पर्समध्ये ठेवलीय, आधी मॅडमकडे, मग सर्जनकडे, लग्नाआधीच. राग गेलेला नाही माझा, तिच्यावरचाही आणि माझ्यावरचाही. पण कासार येईल त्या दिवशी मी नामपूरला तिच्या शेजारी बसेन. त्याने तिचा तो हात धरला की सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणेन, "काका, या हातात एकही नाही."

एवढंच म्हणायचं होतं गं तेव्हा.

तुझी,
मनू