एकोणसत्तर म्हणजे सत्तर अधिक नऊ

८ नोव्हेंबर
लग्नाला तीन महिने झाले. बायको मला मानते. तिची मुलगी चिंगी (इयत्ता तिसरी) मला अजून ‘काका’ म्हणते. दूधवालाही काकाच, वरच्या मजल्यावरचा टकलूही काकाच. हे चालणार नाही. महिनाअखेर तिने मला ‘बाबा’ म्हटलंच पाहिजे. तेही आपणहून. घरात कुणाला बोललेलो नाही.
मार्ग: गणित. चिंगी संख्यांच्या विस्तारित रूपात अडकते. मी पंपांच्या कंपनीत असिस्टंट सेल्स मॅनेजर. आकडे म्हणजे माझ्या हातचा मळ.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
पहिला धडा. ४०२७. तिने लिहिलं: ४००० + ० + २० + ७. मी म्हटलं, शून्य कशाला? शाई फुकट. ती म्हणाली, बाई सांगतात की शून्य लिहायचं, म्हणजे शतकाची जागा रिकामी आहे हे विसरायला होत नाही. मी हसलो. रिकाम्या जागा आमच्या ऑफिसात चिक्कार आहेत, कुणी लिहून ठेवत नाही. शून्य खोडायला लावलं. तिने खोडलं, पण फार हळू. विचार करत असणार.

१२ नोव्हेंबर
आज अक्षरी संख्या. मी इंग्लिश मीडियमचा, पण भाषा कुठलीही असो, लॉजिक एकच. तिला सूत्र दिलं: कानाला ऐकू येतं तेच कागदावर. पंच्याहत्तर, यात सत्तर ऐकू येतात, म्हणून ७० + ५. एकोणसत्तर, यातही सत्तर अगदी स्वच्छ ऐकू येतात, म्हणून ७० + ९. एकोण म्हणजे नऊ. पुरावा: एकोणीस, दहा आणि नऊ.
चिंगी म्हणाली, “पण काका...” मी म्हटलं, पण नाही. तिने आधीचं खोडून माझं लिहिलं. पटलं.
बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणत होती. धडा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, असं सांगून दार ओढून घेतलं. शिस्त हवी.

१६ नोव्हेंबर
मी घरी आलो की चिंगी दप्तर घेऊन खोलीत जाते. अभ्यासाची गोडी लागली.

१९ नोव्हेंबर
चाचणीचा पेपर मिळाला. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणपन्नास, सगळ्यांवर लाल गोल. शून्य गाळलं तिथेही. मी शाळेत जाऊन बोलणार म्हटलं, तर बायको म्हणाली, आधी एकदा माझ्याशी बोला. बायका भावनेच्या भरात बोलतात. मी उद्या हाफ डे टाकतोय. बाईंना स्पष्ट सांगणार की मुलांचा कॉन्फिडन्स असा मारू नका. चिंगीला सांगितलं, बघ आता तुझ्या बाजूने कोण उभं राहतं. ती म्हणाली, “नका ना जाऊ.” संकोची स्वभाव. आईवर गेली आहे.

२० नोव्हेंबर, दुपार
शाळेत गेलो. वर्ग चालू होता. बाई म्हणजे कॉलेजातून कालच सुटल्यासारखी पोरगी. मी दारातूनच बोललो, बरंचसं इंग्लिशमध्ये. चांगलं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मुलं मोजतील, तुम्ही फक्त लिहा.
मुलं सुरू झाली. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. मी लिहितोय. मग सगळा वर्ग एका सुरात, “एकोणसत्तर.” आणि माझ्या हाताने ६९ लिहिलं. हाताने गद्दारी केली.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
बाईंनी चिंगीला हळूच विचारलं, तुला सत्तर अधिक नऊ कुणी सांगितलं? चिंगीने माझ्याकडे पाहिलं. मग बाकाकडे. म्हणाली, “कुणी नाही. मीच चुकले.”
मी बोलणारच होतो. पण घशात खडूची पूड गेली होती, खोकला आला. शिवाय मूल आपणहून चूक कबूल करत असताना मोठ्यांनी मध्ये पडू नये. तिच्या व्यक्तिमत्त्वाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा क्षण होता. बाईंना थँक्यू म्हणून निघालो.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
शाळा सुटल्यावर मीच तिला घ्यायला गेलो. आइस्क्रीम विचारलं. नको म्हणाली. वाटेत समजावलं की एकोण म्हणजे एक कमी, सत्तरला एक कमी म्हणजे एकोणसत्तर, किती सोपं आहे बघ. ती म्हणाली, “मला माहीत होतं.”
मग तसं लिहिलं का नाहीस, असं विचारलं.
“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”
पुढे घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. रस्ता अरुंद आहे.

२१ नोव्हेंबर
बायकोला शाळेतलं कळलं. चिंगीने सांगितलेलं नाही, बाईंचा फोन आला होता. बायको चिडली नाही. फक्त विचारलं, “तुम्ही तिथेच उभे होतात ना?” मी खोकल्याचं सांगितलं. तिने दिवा घालवला आणि कूस बदलली.

२४ नोव्हेंबर
गणित आता आई घेते. दार बंद असतं. माझ्यावरचा ताण कमी व्हावा हा हेतू असणार. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो.

२७ नोव्हेंबर
हार मानलेली नाही. भारीतला अबॅकस घेतला, लाकडी, रंगीत मण्यांचा. नवीन प्लॅन: शिकवायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. महिना संपायला अजून तीन दिवस आहेत, तेवढ्यात पुष्कळ होतं.
बेल वाजवली. दार चिंगीने उघडलं. अबॅकस पुढे केला. तिने तो पाहिला, मला पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाली, “आई, ते आलेत.”
मी मागे वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं.