माझ्या वतीने

३ मार्च
रुद्राणी नायगावला माहेरी जाऊन चार महिने झाले. 'पत्नीने नांदायला परत यावे' या माझ्या दाव्याची आज लातूर कोर्टात तारीख होती. मिळाली पुढची तारीख. माझे वकील शिवमूर्ती आप्पा वडिलांचे दोस्त. माणूस देव, पण स्पीड बैलगाडीचा. बाहेर आल्यावर म्हणाले, "आरं मल्लू, दावा ऱ्हाऊ दे. तू सोता जाऊन तिच्यापाशी बस की घडीभर." वकील मी केला आणि काम मलाच सांगतात!

४ मार्च
शांतपणे विचार केला. माझं चुकलं काय? काहीच नाही. सासूबाई वारल्या तो नेमका दिवाळीचा सीझन. भांड्यांचं दुकान टाकून कसा जाणार? दुकानातल्या उमाशंकरला तातडीने हार घेऊन पाठवलं. नंतर तिला आणायलाही त्यालाच पाठवलं. तिने त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. म्हणजे ती चिडलेली नाही. मग येत का नाही?

११ मार्च
निर्णय! दुसरा वकील. दामिनी मॅडम. म्हणाल्या, केस स्ट्राँग आहे. इतक्या जोरात माझ्या बाजूने बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. फक्त आप्पांची लेखी 'हरकत नाही' हवी, त्याशिवाय मॅडमना माझ्यासाठी कोर्टात उभं राहता येणार नाही. मामुली काम. उद्याच.

१२ मार्च
आप्पांकडे गेलो. चहा झाला. वडिलांच्या आठवणी सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. अशा वेळी कसं सांगणार? उद्या नक्की.

२० मार्च
केळी घेऊन आप्पांकडे गेलो. विषय काढणार तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी पोहे आणले.
सहीसाठी तू जातोस का, म्हणून उमाशंकरला विचारलं. तो गोदामात जाऊन बसला.

२ एप्रिल
मॅडमना थाप मारली, सही आज-उद्या मिळतेय. कोर्टात उभं राहायला ती लागते, नोटीस पाठवायला नाही. त्यांनी नोटीस तयार केली. 'पत्नी हट्टी व भांडखोर असून तिने विनाकारण घर सोडले.' जरा जास्तच झालं. रुद्राणी भांडत नाही. गप्प बसते. पण कायद्याची भाषा अशीच असते म्हणे. हो म्हणालो.
जेवायला चहा-टोस्ट. घर फार मोठं वाटतं हल्ली.

९ एप्रिल
आज स्वतः नायगावला निघालो! नवा शर्ट. काय बोलायचं तेही पाठ केलं. गाडी वाटेत लोह्याला थांबली. उतरून मॅडमना फोन केला, भेटलेलं चालेल ना? म्हणाल्या, नोटीस गेलीय, आता भेटू नका. तज्ज्ञांचा सल्ला मोडू नये. परतीची गाडी लगेच मिळाली. खिडकीतून धूळ आली असावी, अहमदपूरपर्यंत डोळे गळत होते.

२२ एप्रिल
तारीख. कोर्टाच्या व्हरांड्यात रुद्राणी बसलेली, शेजारी कपड्यांची बॅग. आप्पांनी मला न सांगता तिला फोन केला होता, "ये पोरी, मल्लू घरी नेतो." तरी तिच्या हातात ती नोटीस होतीच.
ही तुम्ही लिहिली का, असं तिने विचारलं. म्हटलं, मॅडमनी. मग तिने विचारलं, "मला बोलावलं कुणी?" म्हटलं, आप्पांनी.
ती म्हणाली, "आन् तुम्ही काय म्हणायलात, ते सांगा की."
मी आप्पांकडे पाहिलं. मग मॅडमकडे. दोघंही माझेच वकील आणि दोघंही गप्प. पाठ केलेलं एक अक्षर आठवेना.
तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग बॅग उचलली आणि गेली.
आप्पांनी मॅडमच्या कागदावर न मागता 'हरकत नाही' लिहून दिलं. आणि पिशवी उचलून निघाले.
बाकावर तिचा स्टीलचा डबा राहिला. आत धपाटे.

२३ एप्रिल
धपाटे संपले. शेवटचा अर्धा खाववेना, मग खाल्ला. डब्यावर 'सौ. रुद्राणी' हे नाव लग्नाच्या वर्षी मीच घातलंय, दुकानातल्या मशीनवर, माझ्या हाताने. हा डबा द्यायला मी स्वतः जाणार. वकिलांना विचारणार नाही. पहिली गाडी. फायनल.

२४ एप्रिल
लग्नसराईची गर्दी. उमाशंकरला पाठवलं. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातली. साखरेवरून तिला कळेल.

रात्री
उमाशंकर आला. डबा तसाच, साखरेसकट. तिने त्याला जेवू घातलं आणि निरोप दिला, "आता कुणालाच पाठवू नका म्हणावं."
साखर बरणीत ओतली. डबा घासला. खूप रडलो.