बोडीतली मरळ आणि व्याही

१६ फेब्रु., रवि.
सकाळी शेतातल्या बोडीवर पाणी बघायला गेलो तर तळ्याच्या पाळीवर एक माणूस उभा, हातात गळाची छडी. जवळ गेलो तर आमच्या पल्लवीचा सासरा! फुलचूरहून स्कूटरने आला. दोन वर्षांत आमच्यात एक शब्द नाही. पोरीने कोर्टात लग्न केलं, मी गेलो नाही. हा गेला होता.
'मरल है क्या इसमें, भाऊ?' एवढंच विचारलं.
आहे म्हणालो. आपलीच बोडी, खोटं कायले बोलू.
मधल्या खोल पाण्यात फेकून राहिला होता. थंडीत मरळ कुठे असते हे कापडाच्या दुकानात बसून काय कळणार. सांगितलं नाही. रिकामा गेला.

२३ फेब्रु., रवि.
पुन्हा आला. आज राहवलं नाही. म्हटलं, 'ऊन चढू द्या. पश्चिमेच्या काठाले आधी ऊन लागते. तिथं पाण्यातल्या पानाले लागून टाका, तळाशी, हळू.' साडेनऊला लागली, दीड किलो तरी. माणूस बुटासकट चिखलात उतरला.
मग तोंड उतरलं. घरी बायको कांदासुद्धा खात नाही, मासा नेणार कुठे?
म्हणावंच लागलं, आमच्याकडे चला.
हिने रस्सा-भात केला. वाढता वाढता विचारलं, 'पल्लवी बरी हाये का जी?' माझ्या पाठीमागे दर आठवड्याला फोन करते तिला, मला माहीत आहे. तरी असं विचारलं की जसं काही माहीतच नाही. मी भात कालवत राहिलो.

९ मार्च, रवि.
व्याही दोरीच्या टोकाला बांधतात त्या खोट्या माशाचं नाव स्विम जिग. शिशाचं डोकं, त्यात आकडा, भोवती रबरी झालर, मागे हलणारी शेपटी. आकड्यावर ताठ केस असतात, म्हणून शेवाळात अडकत नाही. बाभळीत मात्र अडकते. आज मला छडी दिली, माझी पहिलीच फेक बाभळीवर. व्याही हसले नाहीत. सोडवून आणली, हातभर काटे लागले त्यांना.
विसरू नये म्हणून: पानांच्या कडेकडेने ओढायची. रीळ एका चालीत, झटके नाही. देठाला लागली की थांबायचं, खाली बसू द्यायची, मग परत. पाणी गढूळ तर काळी, नितळ तर पांढरी. पाणी उसळलं म्हणून ओढायचं नाही, हाताला वजन लागलं की मग.
हे शेवटचं मला जमत नाही. तीन सुटल्या.
'भाऊ, तुमको गुस्सा जल्दी आता है. मछली के मुंह से छीन लेते हो.'
हिला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. खूप दिवसांनी.

२० एप्रिल, रवि.
पाणी अर्ध्यावर. आता सकाळी साडेपाच ते सात, एवढाच वेळ. नंतर मरळ खोल जाऊन बसते. व्याही माझ्याआधी हजर.
आज मला लागली! वजन येईपर्यंत थांबलो. सव्वादोन किलो. व्याह्यांनी फोटो काढून कुणाला तरी पाठवला. थोड्या वेळाने फोन वाजला, बघून हसले, खिशात ठेवला. कुणाचा ते मी विचारलं नाही.
जेवताना त्यांनी सांगितलं, पल्लवीला चौथा महिना आहे.
हिचा हात कढईवरच राहिला. इतक्या फोनमध्ये पोरीने हे सांगितलं नव्हतं. 'मले काऊन नाही सांगितलं तिनं?' दिवसभर हेच.

६ जुलै, रवि.
बोडी भरली. शिंगाड्याच्या वेलाजवळ पिलांचा लाल घोळका वर आला, खाली मरळीची जोडी. व्याह्यांनी फेकायला हात उचलला. पिलांवरून जिग नेली की मरळ धावतेच, भूक नसली तरी. मी त्यांची छडी धरली.
'पिलेवालीवर नाही टाकायचं. माझ्या बोडीत नाही.' जोरात बोललो.
सामान गुंडाळलं त्यांनी. स्कूटर चालू करता करता म्हणाले, 'मछली के बच्चों की इतनी फिकर, भाऊ. अपनी पल्लवीला सातवा लागला. एक फोन नाही केला तुम्ही.'
जेवायला थांबले नाहीत. हिने ताट वाढलेलं.
'अपनी' म्हणाले.

८ जुलै, मंगळ.
शेतात लावणीसाठी धानाची रोपं, परे, काढायला बाया आल्या होत्या. त्यांना हिच्यावर सोडून फुलचूरला गेलो. घर माहीत नव्हतं, विचारत गेलो. दार पल्लवीनेच उघडलं. पायाला सूज.
'बाबा? तुमी?'
म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी होते. न्यायला आलो.
'लग्नाले नाही आले तुमी.'
'नाही आलो.'
'काऊन?'
घरून निघताना सगळी कारणं तोंडपाठ होती. 'चुकलो,' म्हटलं.
आत गेली. बऱ्याच वेळाने पाणी घेऊन आली. 'विचार करून सांगते.'
व्याही फाटकापर्यंत आले. माझी कॉलर दुमडली होती, ती सरळ केली.

१३ जुलै, रवि.
धानाची रोवणी अर्धी झाली.
आज स्कूटर नाही, ऑटो. व्याही उतरले, त्यांचा हात धरून पल्लवी. ही पाळीवरून धावत सुटली, मी ओरडतो हळू, हळू, ऐकते कोण. मायलेकी किती वेळ एकमेकींना धरून उभ्या.
पल्लवी खुर्ची टाकून सावलीत बसली. आम्ही दोघे फेकत राहिलो, पिलांपासून लांब, दुसऱ्या काठाला. 'बाबा, लय जोरात फिरवून राहिले तुमी,' बसल्या जागेवरून शिकवते. सासऱ्याने शिकवलं असेल. काही लागलं नाही. वांग्याची भाजी जेवलो सगळे.
चार वाजता व्याही उठले. ऑटोवाला थांबलेला. पल्लवीकडे बघितलं त्यांनी.
'तुमी व्हा पुढं, बाबूजी.'
एक पिशवी आणली आहे तिने, लहानशी. हिने उचलून आत ठेवली. दोन दिवसांचे कपडे आहेत की जास्त, हिने उघडून बघितलं नाही म्हणते.